रविवारी ओतलेलं पाणी

ये, इकडे ये. अशी दारात काय उभी राहतेस परक्यासारखी? खुर्ची ओढ आणि बस. आणि आधी माझी बोलणी खा, चहा मग मिळेल. चार रविवार झाले, मेधा, चार! साडेदहा वाजले की मी सवयीने दोन कप काढते आणि एक परत फळीवर ठेवते. एवढी कसली घाई झाली होती गं तुला? मी तुझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी. बसमध्ये चढतानासुद्धा "मावशी, आधी तुम्ही" म्हणून मला पुढे करायचीस, आणि इथे मात्र रांग मोडून निघून गेलीस. शोभतं का हे?

पेपरात तुझ्याबद्दल आलं होतं. चौकट करून, फोटोसकट. कुठे शिकलीस, काय संशोधन केलंस, कुठे कुठे भाषणं दिलीस. तुझ्या दादाने मला कात्रण आणून दिलं. वाचलं मी. सगळं खरंच होतं, पण त्यात तू नव्हतीस. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून तळाला गेलं की "गेलं बाप्पा!" म्हणणारी तू त्यात कुठेच सापडली नाहीस. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. माझं शिक्षण सातवी, पुढचं सगळं बाटल्यांवरची लेबलं वाचून केलेलं. चुका होतील. तू हसशील. हस बापडे.

आणि मला तुझ्याशी एक गोष्ट पुरी करायची आहे. ती तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण जरा धीर धर, मला एकदम तिथे जाता येत नाही. लांबून वळसा घालून येते.

तू आलीस तेव्हा मी त्या लॅबमध्ये बाटल्या धुवायची. बिबवेवाडीहून दोन बस बदलून यायची. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली होती. काम म्हणशील तर साधं. साबण, मग सात वेळा नळाचं पाणी, मग तीन वेळा डिस्टिल्ड. काचेला साबणाचा अंश राहिला की पेशी रुसतात. पण धुता धुता मी बघत असायची. पीएच.डी.ची मुलं कशी बसतात, बर्नरच्या ज्योतीपाशी फ्लास्कचं तोंड कसं धरतात, पिपेट कशी उचलतात. बघून बघून मलाही जमायला लागलं. मग मुलांना बरंच झालं. माणसांना रविवारची सुट्टी असते, पेशींना कुठली? रविवारचं त्यांचं खाणंपिणं माझ्याकडे आलं.

ते काम मला फार आवडायचं, तुला माहीत आहे. चपट्या फ्लास्कच्या तळाशी पेशी चिकटून बसलेल्या असतात. वर गुलाबी पाणी. ते पिवळं पडायला लागलं की समजायचं, लेकरांना भूक लागली. मग जुनं पाणी ओतून टाकायचं आणि ताजं गुलाबी घालायचं. ज्या पेशी मरतात त्या तळ सोडतात, गोल होतात आणि वर तरंगतात. त्या जुन्या पाण्याबरोबर जातात. तरंगेल ते ओतायचं, चिकटलेलं जगवायचं. एवढंच मला येत होतं, आणि ते मला फार चांगलं येत होतं.

आणि मग तू आलीस. वर्ध्याहून. एक ट्रंक आणि जवसाच्या चटणीची बरणी. पहिल्याच दिवशी धुण्याच्या खोलीत डोकावून म्हणालीस, "काय करून राहिल्या मावशी?" अख्खी लॅब फिदीफिदी हसली. लॅबचे सर त्यांच्या खुर्चीतून मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडे करून राहत नाहीत. करतात आणि मोकळे होतात." तुझा चेहरा एवढासा झाला. मी तुला आत ओढलं आणि हातात फडकं दिलं, म्हटलं पूस या बाटल्या. तू पुसल्यास, आणि बरणी उघडून माझ्या डब्यातल्या भाकरीवर चटणी वाढलीस. झालं. तेवढ्यात जमलं आपलं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तू नक्की करणार काय इथे? तू म्हणालीस, "हात पसरा मावशी."

मी पसरला. ॲसिडने चिरा पडलेला हात तो, लाज वाटली मला. तू माझ्या बोटांच्या मधल्या फटींवरून तुझं बोट फिरवलंस.

"आईच्या पोटात ही बोटं जोडलेली होती. बदकाच्या पायासारखी. मधल्या पेशींना एक दिवस कळलं की आपली वेळ झाली. त्या गेल्या, म्हणून तुमची बोटं सुटी झाली. कोणी मारलं नाही त्यांना. जायचा निरोप त्यांच्या आतच लिहिलेला असतो."

"आणि कॅन्सरची पेशी?"

"तिने तो निरोप दाबून ठेवलेला असतो. वेळ झाली तरी उठत नाही. बसून राहते, आणि आपल्यासारख्याच आणखी बसवते. आपण तो दाबलेला निरोप मोकळा करायचा, की ती आपली आपण जाते. शेजारणीला धक्का न लावता."

त्याला इंग्रजीत एक ग्रीक नाव आहे, ते मी पुढे हजार वेळा ऐकलं. तू त्याचा अर्थ सांगितला होतास, झाडावरून पान गळणं. तो लक्षात राहिला.

मी तेव्हा तुला ह्यांचं सांगितलं. गळ्याचा होता. रेडिएशनचा शेक दिला तर आतलं सगळं भाजून निघालं, वाईटाबरोबर चांगलंही. घोटभर पाणी गिळवेना. आणि मी शेवटपर्यंत त्यांना म्हणत राहिले, अहो, उतार पडतोय, बरं वाटेल. ते काही बोलू बघायचे, मी म्हणायची, घशाला ताण नको. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हणूनच तर मावशी." पण मला काही ते पटलं नाही गं. मी म्हटलं, "काय बाई तुझं शास्त्र! मी इथे सात सात वेळा बाटल्या धुते ती या पेशींना जगवायला, आणि तू त्यांना जायची आठवण करून देणार!" तू हसलीस. तो आपला पहिला वाद. तो वीस वर्षं चालला आणि अजून संपलेला नाही, लक्षात ठेव.

ते दिवसही कसे होते बघ. सगळं पुणं कॉम्प्युटर शिकायला निघालं होतं. डेक्कनपासून कोथरूडपर्यंत ज्या त्या जिन्यात क्लासची पाटी. हिंजवडीला नुसती कुंपणं पडत होती, तरी लोक तिकडे जागा बघायला जायचे. लॅबमधली दोन मुलं पेशी सोडून सॉफ्टवेअरला गेली, आणि सर म्हणाले, "जा, जा. तिथे निदान प्रोग्राम मरत नाहीत." एक चांगलं झालं म्हणायचं तर पूर्वी परदेशातून पेशींच्या खाण्यातलं जे सीरम यायला सहा-सहा महिने लागायचे ते आता बर्फात गुंडाळून पंधरा दिवसांत दारात यायला लागलं. ते रिकामे थर्माकोलचे खोके मी घरी नेले, त्यात कोथिंबीर लावली. मायक्रोस्कोपचा दिवा गेला तेव्हा कंपनीची वाट न बघता आपण दोघी बुधवार पेठेत गेलो होतो, आठवतं? दुकानदार म्हणाला, "मायक्रोस्कोपचा नाही, स्कूटरचा आहे. लावून बघा. लागला तर लागला." आणि लागला! त्याच उजेडात तू पुढे सगळं पाहिलंस.

तुझा दादा तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. दर आठवड्याला लॅबच्या फोनवर तुझ्यामागे लागायचा. "अगं, सहा महिन्यांचा कोर्स कर. किती दिवस त्या पेशी चिवडत बसणार?" तू म्हणायचीस, "दादा, एकदा जमू दे, मग बोल."

आणि ते जमेना.

तू शुक्रवारी औषध घालायचीस. फ्लास्क तसेच बंद ठेवायचे, आणि सोमवारी येऊन मोजायचं, मेल्या किती आणि उरल्या किती. असं तीन महिने चाललं. दर सोमवारी तुझ्या फ्लास्कमध्ये पेशी कमी भरायच्या, पण मेलेली एकही सापडायची नाही. स्वच्छ गुलाबी पाणी आणि तळाशी बसलेल्या थोड्या पेशी. सर म्हणाले, "म्हणजे औषध नुसती वाढ रोखतं. तशी शंभर औषधं आहेत. तुम्ही मरण म्हणताय, तर प्रेतं कुठं आहेत? पेशी काय काशीला जाऊन मेल्या?" तू खाली मान घालून परत औषध बनवायला लागायचीस. चौथ्या महिन्यात सर म्हणाले, विषय बदला. दादाने कोर्सचा फॉर्म आणून दिला. तू तो भरलास. मला दाखवलास. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "जा बाई, निदान वेळेवर घरी तरी जाशील."

किती शहाणी मी! आणि तीन महिने करत काय होते?

मी सांगितलं नव्हतं तुला. सांगण्यासारखं काही आहे हेच डोक्यात नव्हतं. रविवारी मी सगळ्यांच्या फ्लास्कना पाणी द्यायची, तेव्हा तुझेही दिसायचे. पिवळे पडलेले, आणि वर ही गर्दी तरंगणाऱ्यांची. तुझ्या आधी एक मुलगी होती, तिच्या पेशी मेल्या की ती दिवसभर जेवायची नाही. म्हटलं, ही वर्ध्याहून आलेली पोर, सोमवारी येऊन एवढी मेलेली बघणार, हिला काय वाटेल? कशाला दाखवायची? मग मी ते पाणी ओतून टाकायची, दोनदा खंगाळायची, ताजं गुलाबी घालायची, आणि फ्लास्क जसा होता तसा ठेवून द्यायची. वर स्वतःवर खूश. जाताना विहारात जायची, वंदना म्हणायची, घरी यायची.

ज्या दिवशी तू चावी परत करायला आलीस तो रविवार होता. तुला वाटलं रविवारी माझ्याशिवाय कोणी नसेल, निरोप घेताना रडू आलं तरी चालेल. तू दारात, आणि माझ्या हातात तुझा फ्लास्क, बेसिनवर तिरका धरलेला.

"काय करून राहिल्या मावशी?"

"काही नाही गं. मेलेली काढतेय."

"कुठली मेलेली?"

"तुझ्यातली. दर वेळी एवढी होतात. तुला वाईट वाटेल म्हणून…"

तू माझ्या हातातून फ्लास्क घेतलास. त्यात तळाला चमचाभर पाणी उरलं होतं. ते नळीत घेतलंस, त्यातला थेंब काचेवर, काच मायक्रोस्कोपखाली, आणि स्कूटरच्या दिव्यात डोळा लावून किती वेळ बसलीस. मग उठलीस, आणि जिथे होतीस तिथेच, फरशीवर, मटकन बसलीस. मला वाटलं चक्कर आली. तर तू हसत होतीस, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"गेल्या होत्या मावशी. गेल्याच होत्या. शिस्तीत, एक एक करून. दर रविवारी जात होत्या."

आणि मग एकदम उठून ओरडलीस, "तीन महिने, मावशी! तीन महिने!" तू माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडलीस ती तेव्हा. आठ दिवस बोलली नाहीस. मी भाकरी न्यायची, तू डबा बंदच परत करायचीस. मला झोप नाही, जेवण नाही. नोकरी जाईल याची भीती नव्हती गं. पोरीच्या स्वप्नावर मीच पाणी ओतत आले, हे काही गिळवत नव्हतं.

नवव्या दिवशी आले तर धुण्याच्या खोलीत बेसिनच्या वर एक पाटी. तुझ्या सुबक अक्षरात: "येथील मेलेल्या पेशी आमच्या आहेत. विचारल्याशिवाय ओतू नयेत. हसू नये." मी तिथे उभी राहून रडले, आणि तू मागून म्हणालीस, "झाले की नाही मी पुणेकर?" दुपारी डबा रिकामा परत आला.

सरांना तू काय सांगितलंस ते मला फार उशिरा कळलं. पद्धतीत माझी चूक होती, म्हणालीस. माझी. माझं नाव घेतलं नाहीस. सर म्हणाले, "चला, प्रेतं मिळाली एकदाची." दादाचा फॉर्म तू फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिलेस. आणि पुढे तुझा तो जाडजूड प्रबंध झाला, त्यात आभाराच्या पानावर सगळ्यात शेवटी माझ्यासाठी ओळ होती. तूच मला मराठीत वाचून दाखवलीस: "आणि मावशींना, ज्यांच्यामुळे मी टाकून दिलेल्या पाण्यात बघायला शिकले." लोक विचारायचे, म्हणजे काय हो? आपण दोघी एकमेकींकडे बघायचो आणि म्हणायचो, काही नाही, असंच.

"चुकलं माझं" हे मात्र मी तोंडाने कधी म्हटलंच नाही बघ. भाकरीने म्हटलं, थालीपिठाने म्हटलं, पण तोंडाने नाही. आता म्हणते. चुकलं माझं, मेधा. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळचंच तर सांगायचंय.

मधली वर्षं चांगली गेली आपली. मी रिटायर होऊन वारज्याला आले, तूही समोरच्याच सोसायटीत घर घेतलंस. लग्न केलं नाहीस, त्यावरून मी तुला काय कमी बोलले का! तू म्हणायचीस, "मावशी, माझ्या घरात दोन हजार फ्लास्क आहेत, आणखी कोणाला कुठे बसवू?" लॅबमधली ती पाटी तू काढून आणलीस आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवलीस. मी म्हटलं, अगं इथे कुठल्या पेशी? म्हणालीस, "असू दे. तुमचा काही भरवसा नाही." दर रविवारी साडेदहाला तू यायचीस. तुझ्या त्या औषधाची गोळी काही झाली नाही. मला वाईट वाटायचं. तू म्हणायचीस, भिंत बांधताना एक वीट आपली असली तरी पुरे.

आणि मग भिंत दुसऱ्यांनी बांधली, आणि तुझ्याच कामाला आली. रक्तातला कॅन्सर निघाला तुला. जन्मभर कॅन्सरचाच अभ्यास केलास, आणि तोच. मी म्हटलं, कुठला हा न्याय? तू म्हणालीस, "न्याय कसला मावशी, पेशी वाचत नाहीत कोणाचा प्रबंध."

पहिल्या गोळीच्या दिवशी तू मला समजावून सांगितलंस, परीक्षेला बसल्यासारखी. त्या पेशींनी आत एक पहारेकरी बसवलाय, तो जायचा निरोप अडवून धरतो. ही गोळी त्या पहारेकऱ्याला बाजूला करते. बस. मग त्या आपल्या आपण जातात. महिन्याने रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तू फोनवर ओरडलीस, "मावशी, गळून राहिल्या! गळून राहिल्या!" वीस वर्षं पुण्यात राहून तुझं 'राहिल्या' काही गेलं नव्हतं. त्या दिवशी मी खीर केली. आपल्या वादात मी हरले म्हणून कबूल केलं. मरायची आठवण करून देणं हे जगवणंच असतं, हे मी माझ्या तोंडाने म्हटलं. तू म्हणालीस, लिहून द्या.

ते वर्ष मला मिळालं, त्याबद्दल मी कोणाचे आभार मानू? जगात कुठे कुठे बसून ज्यांनी ज्यांनी एकेक वीट ठेवली त्यांचे. आणि तुझे. त्या वर्षात तू माझ्या कोथिंबिरीत मेथी लावलीस. माझ्याकडून इंग्रजी वाचून घेतलंस. एक रविवार चुकवला नाहीस.

मग त्या पेशींनी दुसरा पहारेकरी बसवला. तू असंच सांगितलंस, जणू शेजारच्या सोसायटीतली बातमी. डॉक्टर म्हणाले, अजून एक जोराचं औषध देता येईल, अंगाला झेपेल की नाही सांगता येत नाही. तू नको म्हणालीस. आणि आपलं वाजलं.

"तू जन्मभर पेशींना जायला शिकवलंस, आता स्वतः राहायला शिक की!"

"नुसतं न जाणं म्हणजे राहणं नव्हे मावशी. तोच तर माझा आजार आहे."

"मला शब्दात पकडू नकोस. औषध घे."

"बघू."

तुझ्या त्या 'बघू'मध्ये नाही होतं, मला कळलं. तरी मी जो येईल त्याला सांगत राहिले, ती घेणार आहे औषध, बरी होणार आहे. तुलाही तेच. रंग बरा दिसतोय आज. जेवणही सुधारलंय. डोळे बघ कसे टवटवीत. तू ऐकून घ्यायचीस.

शेवटचा रविवार. आता आले बघ तिथे. साडेदहाला तू आलीस, दादाचा हात धरून. त्याला म्हणालीस, तू जा, तासाभराने ये. या खुर्चीत बसलीस. शाल घेतली होतीस, उन्हाळ्यात. म्हणालीस, "मावशी, बसा जरा. मला एका गोष्टीची फार भीती वाटून राहिली. आईला सांगता येत नाही, दादाला नाही. तुम्हाला सांगायची आहे."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "आधी काहीतरी खाऊन घे." आणि आत गेले. चटणी सकाळीच वाटून तयार होती, तरी मी भांड्यात खोबरं टाकलं आणि मिक्सर लावला. घरभर तो आवाज. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. खोबऱ्याचं पाणी झालं तरी फिरवत राहिले. समोर ओट्यावर तुझी पाटी. वाचत होते मी ती, मेधा, आणि हात बटणावर.

बाहेर आले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. रागाने नाही. त्या दिवशी बेसिनपाशी बघितलं होतंस तसं. म्हणालीस, "ओतलंत ना मावशी?"

मी म्हटलं, "उपमा गार होईल."

तू दोन घास खाल्लेस. मग माझा हात घेतलास आणि तुझी बोटं माझ्या बोटांत घातलीस, त्या फटींत. बसून राहिलो दोघी. दादा आला. गुरुवारी तुला दवाखान्यात नेलं, शनिवारी तू गेलीस. कशाची भीती वाटत होती ते मला माहीत नाही. दुखण्याची? एकटं असण्याची? आईचं कसं होईल याची? का काही अगदी लहानसं, ज्यावर मी एक शब्द बोलले असते तर हलकं झालं असतं? दादाला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्याशी बोलली म्हणून सांगत होती. म्हणाली, मावशींकडे जाऊन आले, बरं वाटलं." तिथेही मला सांभाळून घेतलंस. पद्धतीत माझी चूक होती, असंच सांगितलंस ना याही वेळी?

विहारात रोज म्हणते, सगळं अनित्य आहे. पन्नास वर्षं म्हणतेय. ओठांनी. ह्यांच्या वेळी हात काम करत होते, तुझ्या वेळीही हातच. जे तळ सोडून वर येईल ते मी ओतून टाकत आले जन्मभर, आणि वर समजत आले की ही माया आहे. मायाही होती गं, खोटी नव्हती. पण तू दोन वेळा माझ्याकडे आलीस ती त्याच पाण्यासाठी. पहिल्या वेळी चमचाभर उरलं होतं, ते तू माझ्या हातातून काढून घेतलंस. या वेळी तुझ्या हातात तेवढीही ताकद नव्हती, आणि मला समजायला चार रविवार लागले.

कालच समोरच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णी आजी आल्या होत्या. त्यांच्या मिस्टरांना बरं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते, मला वाटतं आता फार दिवस…" माझी जीभ सवयीने वळली होती, "छे हो, बरे होतील" म्हणायला. मी ती दातांखाली धरली. म्हटलं, "बसा. बोला." दोन तास बोलल्या. मी काही केलं नाही, नुसती बसले. चहासुद्धा नाही टाकला. जाताना त्यांनी माझा हात धरला, तेव्हा तू गेल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं.

तर आता ऐक. मिक्सरची पिन मी काढून ठेवली आहे. मेथी आली आहे, हातभर. तुझी खुर्ची खिडकीपाशी ओढून ठेवली आहे, तिथे ऊन बरं येतं. दोन कप काढते आणि आता एक परत ठेवणार नाही, दोन्ही असू देते.

ये. स्वप्नात ये, डुलकीत ये, दुपारच्या उन्हात ये, तुला जसं जमेल तसं. तेव्हा जे सांगायचं होतंस ते घेऊन ये, जसंच्या तसं, न गाळता. मी उठणार नाही. काही खायला विचारणार नाही. आणि रविवार फार लांबवू नकोस मेधा, माझेही आता बोटांवर मोजण्याएवढेच उरलेत. साडेदहाला दार उघडं ठेवते. लवकर ये.